विल्यम पामर आणि निजामाचें कर्ज

गेवराईच्या उत्तरेस गोदावरीचें विस्तीर्ण पात्र आहे आणि त्या पात्राच्या कांठीं राक्षसभुवन हें क्षेत्र आहे. १० ऑगस्ट १७६३ या दिवशीं त्या ठिकाणीं माधवराव पेशवे व राघोबादादा यांच्या फौजांनीं निजाम अलीच्या सैन्याचा पराभव केला. निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर रणांत पडला. पानिपतचा घाव बसून त्या वेळीं पुरतीं तीन वर्षेंही झालीं नव्हतीं, आणि पेशव्यांचें वय अवघें अठरा वर्षांचें होतें. मराठी माणसाला हा दिवस विसरणें शक्य नाहीं.

परंतु गोदेच्या ह्याच कांठाचें भवितव्य पुढें पन्नास-साठ वर्षांनीं पुन्हां एकदां ठरलें, आणि तें ठरवितांना कोणीं तरवार उपसली नाहीं. औरंगाबादेहून बीडकडे जाणाऱ्या वाटेवरचा हा मुलूख तेव्हां निजामाच्या अंमलाखालीं होता. हैदराबादेच्या एका पेढीच्या चोपड्यांत औरंगाबादकडील महालांचा व वऱ्हाडचा वसूल तारण धरला जाई आणि त्यावर लाखांचे आंकडे मांडले जात. रणांगणावरचा निकाल एका दिवसांत लागतो. चोपडींतला निकाल लागण्यास पिढ्या जातात. त्या पेढीचा मुख्य विल्यम पामर हा होता. पामर हा शब्द मराठींत दीनदुबळ्यास लावितात. हा पामर तसा नव्हता. तो प्रथम सेनाधिकारी होता, मग सावकार झाला, आणि सावकारीच्या जोरावर एका मोठ्या राज्याच्या राजकारणाचीं सूत्रें कांहीं काळ त्याच्या हातीं आलीं.

विल्यमचा जन्म १७८० सालीं लखनौ येथें झाला. त्याचा पिता जनरल विल्यम पामर हा वॉरन हेस्टिंग्जच्या विश्वासांतला माणूस. लखनौ व शिंद्यांचा दरबार येथें कंपनीचें काम केल्यावर १७९८ पासून १८०१ पर्यंत तो पुण्यास पेशव्यांच्या दरबारीं रेसिडेंट होता. १३ मार्च १८०० रोजीं नाना फडणीस वारले, तेव्हां मराठी राज्यांतील शहाणपण व संयम नानांबरोबरच गेला, अशा अर्थाचें जें वाक्य इतिहासांत वारंवार उद्धृत होतें, तें ह्याच जनरल पामरचें. विल्यमची माता फैज बक्ष बेगम ही एका प्रतिष्ठित मुसलमान घराण्यांतील स्त्री. १७८५ च्या सुमारास काढलेलें ह्या कुटुंबाचें एक चित्र लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीच्या संग्रहांत आहे. लाल डगला घातलेला जनरल, त्याच्या शेजारीं अलंकार ल्यालेली बेगम, भोंवतीं मुलें व घरांतील स्त्रिया असें तें चित्र आहे. त्या काळीं असा संसार करणारे इंग्रज अधिकारी हिंदुस्थानांत विरळा नव्हते, आणि तो संसार ते लपवीतही नसत.

पण तो काळ वेगानें पालटत होता. १७९१ सालीं कंपनीच्या संचालकांनीं असा ठराव केला कीं, ज्याच्या आईबापांपैकीं एक हिंदुस्थानी आहे अशास कंपनीच्या मुलकी, लष्करी अगर आरमारी नोकरींत घेऊं नये. विल्यमचें शिक्षण इंग्लंडांत झालें होतें. बापाचें नांव मोठें होतें. त्याचा सावत्र भाऊ जॉन हा पुढें कलकत्त्याच्या व्यापाऱ्यांत अग्रगण्य म्हणून प्रसिद्धि पावला. तथापि विल्यमला मात्र कंपनीच्या सेनेचें द्वार त्याच्या मातेच्या जातीमुळें बंद झालें. तेव्हां १७९९ च्या सुमारास त्यानें निजामाच्या फौजेंत चाकरी धरली. इंग्रजी कवायत त्याला अवगत होती आणि दरबारची बोलीचाली त्याला आईच्या घरींच मिळाली होती. हैदराबादेस हे दोन्ही गुण एकत्र असलेला माणूस दुर्मिळ होता. दहा-बारा वर्षें त्यानें निजामाच्या पलटणींत काढिलीं. राज्याचे सुभे, तेथील अंमलदार, वसुलाच्या वाटा आणि खजिन्याची रिकामी तळघरें हीं सर्व त्यानें ह्या काळांत जवळून पाहिलीं असलीं पाहिजेत. कारण पुढें त्यानें जो उद्योग आरंभिला, त्याचें सारें भांडवल हें ज्ञानच होतें.

निजामाच्या राज्याची स्थिति त्या वेळीं विलक्षण होती. १२ ऑक्टोबर १८०० च्या तहानें निजामानें कंपनीची तैनाती फौज पत्करली आणि तिच्या खर्चासाठीं बल्लारी, कडप्पा वगैरे मुलूख कायमचा तोडून दिला. एवढ्यावर हें प्रकरण मिटावयास पाहिजे होतें. परंतु त्याच तहांत असेंही कलम होतें कीं, युद्धप्रसंगीं निजामानें सहा हजार पायदळ व नऊ हजार घोडदळ मदतीस पाठवावें. युद्धप्रसंगापुरत्या ह्या कलमांतून एक कायमची फौज उभी राहिली. हेन्री रसेल हा १८११ ते १८२० पर्यंत हैदराबादेस रेसिडेंट होता. त्याच्या कारकीर्दींत निजामाच्या पलटणी इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालीं नव्यानें बांधण्यांत आल्या. 'रसेल ब्रिगेड' हें नांव त्याच्यावरूनच पडलें. हीच फौज पुढें हैदराबाद कंटिंजंट म्हणून ओळखली जाऊं लागली. तिचे अधिकारी रेसिडेंटनें नेमावे, तिचा हुकूम रेसिडेंटनें द्यावा, आणि तिचा पगार निजामानें भरावा, अशी ही व्यवस्था होती. वर्षाचा खर्च सुमारें चाळीस लाख रुपये. बिचारा निजाम सगळ्यांचे पैसे भरतो, असा विनोद इंग्रज अधिकाऱ्यांतच रूढ झाला होता.

हा पैसा दर महिन्यास रोख लागे, आणि राज्याचा वसूल तर सुगीच्या सुगीला येणारा. तोही खजिन्यांत सरळ येत नसे. दरबारचा खरा कारभारी राजा चंदुलाल हा होता. त्यानें तालुके इजाऱ्यानें देण्याची जुनीच पद्धति अधिक जोरानें चालविली. जो अधिक रक्कम कबूल करील आणि तिच्यांतील मोठा भाग आगाऊ भरील, त्यास तालुका मिळे. आगाऊ रकमेसाठीं इजारदार सावकाराकडे जाई. वर्ष पुरें होण्यापूर्वींच दुसरा कोणी अधिक बोली बोलेल ही भीति त्याच्या मानेवर सदैव असे. म्हणून हातीं आलेल्या काळांत जेवढें निघेल तेवढें तो रयतेकडून काढी. त्याला काढून दुसरा आला म्हणजे तो पुन्हां तेंच मागे. पाटलानें कौल घ्यावा आणि कौल देणारा अंमलदारच महिन्या-दोन महिन्यांत नाहींसा व्हावा, असें पुष्कळदां होई. अशा स्थितींत कुणबी एकच उपाय करूं शकत असे. रातोरात बैल सोडून, बिऱ्हाड पाठीवर घेऊन तो सरहद्दीपलीकडे निघून जाई. गांव ओस पडे, आणि उरलेल्या गांवांवर त्याच्या वाट्याचा बोजा चढे.

ह्या व्यवस्थेंत पामरची पेढी शिरली. १८१० नंतरच्या वर्षांत विल्यमनें लष्करी पेशा सोडून व्यापारांत पाऊल टाकिलें आणि हैदराबादेस 'विल्यम पामर आणि कंपनी' ह्या नांवानें पेढी घातली. त्याचा भाऊ हेस्टिंग्ज पामर हा एक भागीदार आणि बंकटीदास नांवाचा गुजराती सराफ हा दुसरा. इंग्रजी नांव, रेसिडेन्सीचा स्नेह आणि देशी सराफाची हुंडीवरची पत ह्या तिन्ही गोष्टी त्या पेढींत एकत्र आल्या. आरंभीं पेढीनें गोदावरीच्या खोऱ्यांतील सागवान नदीनें समुद्रापर्यंत वाहून नेण्याचा उद्योग पुढें मांडला होता. जहाजबांधणीला सागवान हवेंच होतें. त्यामुळें ह्या कामीं कंपनी सरकारची सहानुभूति मिळण्यास अडचण पडली नाहीं. १८१४ सालीं गव्हर्नर-जनरलनें पेढीस मान्यता दिली.

परंतु सागवानापेक्षां राजाला कर्ज देण्यांत नफा कितीतरी अधिक होता, आणि तेथें कायदा आडवा येत होता. मद्रासच्या इंग्रजांनीं अर्काटच्या नबाबाला कर्जें देऊन जो अनर्थ घडविला, त्याची आठवण ताजी असल्यामुळें पार्लमेंटानें १७९७ सालीं असा निर्बंध घातला होता कीं, कंपनी सरकारच्या संमतीवांचून कोणाही ब्रिटिश प्रजाजनानें देशी राजास कर्ज देऊं नये. ही संमति पामरला १८१६ च्या जुलै महिन्यांत मिळाली. ती इतक्या सुलभपणें कां मिळाली, ह्याचें एक कारण पेढीच्या नव्या भागीदारांत सांपडतें. १८१५ सालीं सर विल्यम रंबोल्ड हा पेढींत भागीदार झाला होता. त्याचा आजा एके काळीं मद्रासचा गव्हर्नर होता. आणि त्याची पत्नी ही तत्कालीन गव्हर्नर-जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज यांनीं आपल्या पालकत्वाखालीं मुलीप्रमाणें वाढविलेली. हे हेस्टिंग्ज म्हणजे जनरल पामरचे धनी वॉरन हेस्टिंग्ज नव्हेत. ते १८१३ पासून १८२३ पर्यंत गव्हर्नर-जनरल होते आणि पेशवाईचा शेवट त्यांच्याच कारकीर्दींत झाला.

आतां पेढीचा व्यवहार सोपा झाला. लोकांकडून, विशेषतः इंग्रज अधिकाऱ्यांकडून, शेंकडा बाराच्या सुमारास व्याज देऊन ठेवी घ्याव्या आणि निजाम सरकारास त्याच्या दुप्पट दरानें कर्ज द्यावें. तारण म्हणून महालांच्या वसुलावर तनखा, म्हणजे वसुलाच्या रकमा परस्पर पेढीस मिळण्याचे हक्क, लिहून घ्यावे. १८१८ च्या सुमारास औरंगाबादेकडील फौजेच्या पगाराची व्यवस्थाच पेढीकडे सोंपविण्यांत आली. पेढीनें दरमहा सुमारें दोन लाख रुपये द्यावे आणि त्याच्या बदल्यांत वर्षास तीस लाखांच्या वसुलावरील तनखा तिच्या नांवें व्हाव्या, अशी ती योजना होती. फौजेला पगार वेळेवर मिळूं लागला. रेसिडेंट संतुष्ट झाला, चंदुलालाची महिन्या-महिन्याची विवंचना सुटली, पेढीला व्याज मिळालें. ह्या तिघांच्या समाधानाचा खर्च ज्यानें भरावयाचा, त्या गोदाकांठच्या कुणब्यास मात्र कोणीं विचारलें नाहीं.

बीडच्या बाजूस त्याच वर्षीं, म्हणजे १८१८ सालीं, धर्माजी प्रतापराव नांवाच्या पुढाऱ्यानें निजामाच्या अंमलाविरुद्ध बंड उभारलें. इंग्रज अधिकारी लेफ्टनंट जॉन सदरलंड याच्या हाताखालीं निजामाचा रिसाला त्याच्यावर चालून गेला. धर्माजी व त्याचा भाऊ पकडले गेले आणि बंड मोडलें. पेढीच्या व्यवहाराशीं ह्या बंडाचा प्रत्यक्ष संबंध जोडतां येत नाहीं. तथापि ज्या घोडदळानें तें मोडलें तशा घोडदळाच्या पगारासाठींच हा सारा व्यवहार चालला होता, आणि पगाराचा पैसा अखेर ज्या रयतेकडून यावयाचा, तिच्याच मुलुखांत त्या घोडदळाची गरज पडत होती.

१८२० सालीं पेढीनें सर्वांत मोठा डाव टाकिला. निजाम सरकारास साठ लाखांचें एक नवें कर्ज द्यावयाचें ठरलें. त्यांतून निरुपयोगी फौजेची बाकी चुकवून ती मोडावी, जुन्या सावकारांचें देणें फेडावें, आणि उजाड गांवांतील रयतेस तगाई देऊन जमीन पुन्हां लागवडीस आणावी, असे हेतु कागदावर नमूद केले होते. हेतु निर्दोष होते. कलकत्त्याच्या कौन्सिलांत मतें दुभंगलीं, तेव्हां लॉर्ड हेस्टिंग्ज यांच्या निर्णायक मतानें कर्जास मंजुरी मिळाली.

त्याच वर्षाच्या अखेरीस रसेल गेला आणि चार्लस मेटकाफ हा रेसिडेंट म्हणून हैदराबादेस आला. मेटकाफनें राज्याच्या जिल्ह्यांतून प्रवास केला. ओस गांवें व परागंदा रयत हीं डोळ्यांनीं पाहिलीं. मग पेढीच्या हिशेबाची चौकशी मांडिली. तेव्हां दिसून आलें कीं, साठ लाखांपैकीं आठ लाख रुपये हे पेढीनें मनोती म्हणून आरंभींच वळते करून घेतले होते. म्हणजे हातीं यावयाचे बावन्न लाख आणि व्याज चालावयाचें साठ लाखांवर. त्या बावन्न लाखांचीही गोष्ट अशी कीं, त्यांतील पुष्कळसा भाग म्हणजे जुन्या खात्यावरचें देणें नव्या खात्यावर चढविलेलें होतें. रयतेच्या तगाईचा जो हेतु कागदावर होता, तो बव्हंशीं कागदावरच राहिला.

मेटकाफला व्याजाच्या दरापेक्षांही एक गोष्ट अधिक खुपली. दरबारांत पेढी ही रेसिडेन्सीची प्रतिस्पर्धी होऊन बसली होती. गव्हर्नर-जनरलचें कुटुंबच पेढीच्या पाठीशीं आहे, असा समज सर्वत्र पसरला होता, आणि चंदुलाल रेसिडेंटपेक्षां पामरचें मन अधिक जपत असे. सैनिक व सावकार असलेला हा गृहस्थ अधिकारपदावांचून राज्याचा मुत्सद्दी बनला होता. मेटकाफनें सुचविलें कीं, कंपनी सरकारनें स्वतः शेंकडा सहाच्या दरानें निजामास रक्कम द्यावी आणि पेढीचें देणें एकदांचें फेडून टाकावें. लॉर्ड हेस्टिंग्ज प्रथम ह्या सूचनेवर रुष्ट झाले. त्यांच्या घरच्या माणसांच्या पेढीवर आरोप करणें म्हणजे त्यांच्यावरच आरोप करण्यासारखें होतें. परंतु कागद बोलूं लागले आणि लंडनचे संचालकही पेढीविरुद्ध झाले. अखेर उत्तर सरकार प्रांताबद्दल कंपनी निजामास दर वर्षीं सात लाख रुपये पेशकश देत असे, ती एक कोटि सोळा लाख सहासष्ट हजार सहाशें सहासष्ट रुपयांच्या एकरकमी मोबदल्यावर कायमची तोडण्यांत आली, आणि त्या रकमेतून १८२३ सालीं पेढीचें देणें फेडलें गेलें. म्हणजे हा पैसाही निजामाच्या स्वतःच्याच हक्कांतून आला. सरकारनें पेढीस राजाशीं पुढील व्यवहार करण्याची मनाई केली. ठेवीदारांनीं ठेवी मागण्यास सुरुवात केली आणि १८२४ सालीं पामर आणि कंपनीचें दिवाळें निघालें.

त्यानंतर लंडनमध्यें ह्या प्रकरणाचे कागद छापले गेले; १८२५ सालीं कंपनीच्या भागधारकांच्या सभेंत त्यावर दिवस-दिवस वाद झाला. रंबोल्डनें आपल्या हक्कांसाठीं शेवटपर्यंत खटपट केली आणि १८३३ सालीं त्याचा अंत झाला. पामर हैदराबादेंतच राहिला.

पामरचा दोष किती, हा प्रश्न येथें उभा राहतो. त्याच्या बाजूनें सांगण्यासारखें बरेंच आहे. हैदराबादेंतील देशी सावकारांचा दर त्याच्या दराहून कमी नव्हता. राजाला दिलेलें कर्ज बुडण्याचा संभव मोठा असे. आणि पेढीनें जो पैसा दिला तो पेंढारी युद्धाच्या दिवसांत कंपनीचेंच काम करणाऱ्या फौजेला मिळाला. सरकारनें परवाना दिला, सरकारच्या रेसिडेंटनें पाठिंबा दिला, सरकारनें त्या फौजेचा उपयोग करून घेतला, आणि मग त्याच सरकारनें पेढी मोडली. शिवाय ज्या माणसाला त्याच्या मातेमुळें कंपनीनें आपल्या पलटणींत घेतलें नाहीं, त्यानें निजामाच्या पदरीं राहून आपलें नशीब काढावें ह्यांत अनैसर्गिक कांहीं नव्हतें.

हें सर्व खरें मानलें तरी पामर निर्दोष ठरत नाहीं. निजामाच्या राज्याचें अंतरंग त्याला कोणाही इंग्रजापेक्षां अधिक ठाऊक होतें. ज्या वसुलावर तो तनखा लिहून घेत होता, तो कोणत्या उपायांनीं गोळा होतो, हें त्याला कळत नव्हतें असें म्हणतां येणार नाहीं. आठ लाखांची मनोती घेतांना आणि जुनें देणें नव्या खात्यावर चढवितांना त्याच्यापुढें राजाची गरज होती, दिवाणाची अगतिकता होती, आणि ह्या दोहोंचा त्यानें लाभ घेतला. अन्याय सोसलेला मनुष्य दुसऱ्यास न्यायच देतो, असा नियम नाहीं.

पण खरा निवाडा पुढील तीस वर्षांनींच केला. पामर हाच जर रोगाचें मूळ असता, तर पेढी मोडल्यावर राज्य सुधारलें असतें. मेटकाफनें गांवोगांव ठराविक साऱ्याचे कौल देऊन ते पाळले जातात कीं नाहींत हें पाहण्यास इंग्रज अधिकारी नेमिले होते, आणि त्यामुळें कांहीं गांवें पुन्हां वसूं लागलीं हें खरें. परंतु १८२९ सालीं नासिरुद्दौला गादीवर आला तेव्हां त्याच्या इच्छेवरून ते अधिकारी काढून घेण्यांत आले. कंटिंजंट मात्र काढून घेतली गेली नाहीं. तिच्या पगाराचे चाळीस लाख पूर्वींप्रमाणेंच उभे करावे लागत. पामर गेला, त्याच्या जागीं पुरणमल सावकार आला. पुरणमलच्या मागून पेस्तनजी मेहेरजी व त्याचे बंधु हे पारशी सावकार आले. त्यांनींही वऱ्हाडचा वसूल तारण घेऊन फौजेच्या पगाराच्या रकमा दिल्या. औरंगाबादच्या टांकसाळींत पडलेला पेस्तनशाही रुपया ही त्यांच्या वैभवाची खूण होय. १८४५ सालीं तारण दिलेले महाल सरकारनें परत घेतले आणि तीही पेढी खालावली. सावकार बदलले, चोपडी बदलली. खर्चाची बाजू तीच राहिली.

चंदुलालानें १८४३ सालीं कारभार सोडला. त्यानंतर पगाराचा तुटवडा कंपनी सरकार स्वतः भरून काढूं लागलें आणि ती रक्कम निजामाच्या नांवें कर्ज म्हणून लिहूं लागलें. हा आंकडा चाळीस लाखांवर गेल्यावर लॉर्ड डलहौसीनें मुलूख मागितला. २१ मे १८५३ च्या तहानें वऱ्हाड, रायचूर दुआब आणि बीडच्या दक्षिणेस लागून असलेला धाराशिव-नळदुर्गचा प्रदेश कंपनीच्या ताब्यांत गेला. पामरनें वसूल तारण घेतला होता. कंपनीनें जमीनच घेतली. ज्या सरकारनें पामरवर राजाला लुबाडल्याचा ठपका ठेविला होता, तेंच सरकार त्याच फौजेच्या हिशेबावर अखेरचा आणि सर्वांत मोठा सावकार ठरलें.

येथें नियतीनें एक विचित्र योग जुळवून आणला. नळदुर्ग जिल्ह्याचा कारभार ज्या इंग्रज अधिकाऱ्याकडे सोंपविण्यांत आला तो कॅप्टन मेडोज टेलर हा विल्यम पामरचाच जांवई होता. लिव्हरपूलचा हा मुलगा १८२४ सालीं, वयाच्या सोळाव्या वर्षीं, मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडे उमेदवारीसाठीं आला. येऊन पाहतो तों तो व्यापार डबघाईस आलेला. तेव्हां ओळखीच्या वशिल्यानें त्यानें निजामाच्या फौजेंत औरंगाबादेस जागा मिळविली. म्हणजे ज्या वर्षीं सासऱ्याची पेढी बुडाली, त्याच वर्षीं ज्या फौजेनें ती पेढी पोसली होती त्या फौजेंत जांवई दाखल झाला. १८३२ सालीं त्यानें पामरची कन्या मेरी हिच्याशीं विवाह केला. पुढें ठगांवरील कादंबरीनें त्याचें नांव इंग्लंडभर झालें. तुळजापूरच्या परिसरांतून सुरू होणारी शिवकालीन 'तारा' ही कादंबरीही त्याचीच. नळदुर्गास त्यानें जमिनीची मोजणी, रस्ते व तलाव यांच्या कामास हात घातला, आणि रयतेच्या ममतेस तो पात्र झाला. सासऱ्याच्या काळीं जें कागदांवर राहिलें होतें, त्यांतील थोडें तरी जांवयाच्या हातून घडलें, असें म्हणतां येईल. १८६० सालीं पन्नास लाखांचें कर्ज माफ होऊन नळदुर्ग व रायचूर निजामास परत मिळाले. वऱ्हाड मात्र परत गेला नाहीं. १९०२ सालीं तो वार्षिक पंचवीस लाखांवर कायमच्या पट्ट्यानें इंग्रजांकडे राहिला.

इकडे हैदराबादेंत १८५३ सालीं चोवीस वर्षांचा सालारजंग दिवाण झाला. त्यानें इजाऱ्याची पद्धति मोडीत काढली, तालुक्यांवर पगारी अंमलदार नेमिले, आणि १८६५ सालीं जिलाबंदी करून राज्याची जिल्हावार व्यवस्था लाविली. मेटकाफनें जें बाहेरून करूं पाहिलें आणि जें टिकलें नाहीं, तें दरबारच्याच एका माणसानें आंतून केलें म्हणून टिकलें. दोन वर्षांनीं, १८६७ सालीं, सत्त्याऐंशी वर्षांचा विल्यम पामर हैदराबादेस मरण पावला. ज्याच्या पेढीवर लंडनमध्यें ग्रंथभर कागद छापले गेले, तो मनुष्य दिवाळें निघाल्यावर त्रेचाळीस वर्षें त्याच शहरांत राहिला. त्याच्यावर आरोप करणारे आणि त्याला आश्रय देणारे बहुतेक सारे त्याच्या आधींच निघून गेले होते. त्याच्या जांवयानें आपल्या आत्मचरित्रांत त्याच्याविषयीं आदरानेंच लिहिलें आहे.

राक्षसभुवनच्या रणांगणावर कोण पडलें, कोण वांचलें, हें बखरींत लिहिलेलें आहे. पामरच्या चोपड्यांत निजामाचें नांव आहे, चंदुलालाचें आहे, रकमा आहेत, व्याजाचे दर आहेत. ज्या गांवांच्या वसुलावर त्या रकमा उभ्या होत्या त्या गांवांतील एकाही कुणब्याचें नांव तेथें असण्याचें कारण नव्हतें. राज्याच्या कर्जावर सही एकाची असते, व्याज दुसऱ्यास मिळतें, आणि फेड तिसऱ्यास करावी लागते. गोदेच्या कांठावर ती फेड ज्यानें केली, मराठी शब्दाच्या खऱ्या अर्थानें पामर तोच होता.